बीएससी नर्सिंगला नवीन आहात? सारखे सारखे येणारे प्रश्न, एकाच ठिकाणी

दरवर्षी सीईटीचे राऊंड सुरू झाले की मेसेज यायला लागतात आणि प्रश्न तेच असतात, विचारणारी पोरं फक्त बदलतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. मी बीएससी करून वॉर्डात काम केलंय आणि आता नवीन पोरांना वॉर्डात शिकवते, त्यामुळे दोन्ही बाजू बघितल्यात. खालचं सगळं महाराष्ट्रातल्या, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाखालच्या कॉलेजांना धरून आहे. तासांचे नि मार्कांचे आकडे इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नव्या अभ्यासक्रमातले आहेत. हॉस्टेल, युनिफॉर्म, मोबाईल याचे नियम ज्या त्या कॉलेजचे, ते तिथेच विचारा.

१. बीएससी नर्सिंग किती वर्षांचं आणि शेवटी हातात काय येतं?

चार वर्षं, आठ सेमिस्टर. आधी वर्षाला एकदा परीक्षा असायची, नवा अभ्यासक्रम २०२१ मध्ये राजपत्रात आला आणि आता सेमिस्टर नि क्रेडिटवर चालतं. त्यामुळे मावसबहिणीने दहा वर्षांपूर्वी केलं असेल तर तिच्या नोट्स विषय समजायला घ्या, वेळापत्रक समजायला नको. डिग्री विद्यापीठ देतं, पण नुसत्या डिग्रीवर नर्स म्हणून काम करता येत नाही. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते, मग नावापुढे आरएन आरएम लागतं, म्हणजे नर्स पण आणि मिडवाइफ (बाळंतपण करणारी) पण. गोव्यात बांबोळीला शिकणाऱ्यांचं विद्यापीठ वेगळं, अभ्यासक्रमाचा सांगाडा तोच.

२. जीएनएम घेऊ की बीएससी?

बारावी सायन्सला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्लिश आहे, मार्क बसतायत आणि घरची चार वर्षं थांबायची तयारी आहे तर बीएससी घ्या. जीएनएम तीन वर्षांचा डिप्लोमा आहे, आर्ट्स कॉमर्सवाल्यांनाही चालतो, नोंदणी त्यालाही मिळते. नंतर वाटलं तर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएससी करता येतं. वॉर्डात पहिली दोन वर्षं दोघांचं काम सारखंच दिसतं, फरक पुढे शिकवायला जाताना, एमएससीला जाताना पडतो. जीएनएमला कमी समजणारे नातेवाईक असतात, त्यांचं ऐकू नका.

३. माझं सगळं शिक्षण मराठी मीडियमला झालंय, झेपेल का?

झेपतं. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याची भीती गरजेपेक्षा फार जास्त आहे. पुस्तकं, पेपर, रिपोर्ट सगळं इंग्लिशमध्ये असतं हे खरं, पहिले दोन तीन महिने एक पान वाचायला तास जातो हेही खरं. पण नर्सिंगचं इंग्लिश म्हणजे तेच पाच सहाशे शब्द फिरून फिरून येतात, दिवाळीपर्यंत ते डोळ्यांखालून गेलेले असतात. पहिल्या सेमिस्टरला कम्युनिकेटिव्ह इंग्लिश हा विषयच आहे आणि त्याचं पासिंग इतर विषयांसारखं ५० टक्क्यांवर नाही, ४० वर आहे.

आणि वॉर्डात गेल्यावर चित्र उलटं होतं. तिथे पेशंट म्हणतो, पोटात कळ येतेय, अंगात कणकण आहे, मुरडा पडलाय, लघवीला जळजळतंय. जीव घाबरा होतोय म्हणाला की हात आधी नाडीवर गेला पाहिजे. इंग्लिश शाळेतली पोरं इथे अडकतात, तुम्ही नाही अडकणार. फक्त तेच वाक्य फाईलमध्ये इंग्लिशमध्ये लिहायची सवय लावून घ्या.

४. पहिल्या सेमिस्टरला काय काय असतं, सगळ्यात अवघड कुठला?

ॲनाटॉमी, फिजिओलॉजी, सोशिऑलॉजी, सायकॉलॉजी, इंग्लिश आणि नर्सिंग फाउंडेशनचा पहिला भाग. बहुतेकांना ॲनाटॉमी जड जाते. तिचा नि फिजिओलॉजीचा विद्यापीठाचा पेपर एकच असतो, ३७ मार्कांची ॲनाटॉमी आणि ३८ ची फिजिओलॉजी, असे ७५, बाकी २५ इंटरनलचे. एकीला सोडून दुसरीवर तरून जाऊ असा विचार करणारे दरवर्षी असतात आणि दरवर्षी अडकतात. हाडांची नावं नुसती पाठ करू नका, स्वतःच्या हातावर बोट ठेवून म्हणा. इंजेक्शन कुठल्या स्नायूत आणि कुठली नस वाचवून द्यायचं हे पुढे यातूनच येतं.

पण माझं मत विचाराल तर खरा विषय नर्सिंग फाउंडेशन आहे. पोरं त्याला सोपा समजतात कारण पुस्तकात बेड कसा करायचा, तोंड कसं धुवायचं असलं लिहिलेलं असतं. त्याची थिअरी १२० तास, लॅब ८० तास, वॉर्ड १६० तास, आणि दुसऱ्या सेमिस्टरला वॉर्ड थेट ३२० तासांवर जातो. ज्याचं फाउंडेशन कच्चं राहिलं ते पोरगं तिसऱ्या वर्षालाही पेशंटजवळ जाताना घुटमळतं.

५. दिवस कसा जातो? खरंच वेळच मिळत नाही का?

कागदावर आठवड्याला ४० तास आहेत, २० आठवड्यांचं सेमिस्टर. कागदावर हां. पोस्टिंग असलेल्या दिवशी हॉस्टेलमध्ये साडेपाचला बाथरूमची लाईन लागते, केस बांधून जाळी लावून, इस्त्रीचा युनिफॉर्म घालून पोहे पोटात ढकलून बस किंवा पायी, आठच्या आत वॉर्डात. तिथे दुपारपर्यंत उभं. मग जेवण, आणि जेवणानंतर लेक्चर, त्या दोन ते चारच्या लेक्चरमध्ये डोळे उघडे ठेवणं ही वेगळीच कला आहे, मॅडमनाही ते कळत असतं. संध्याकाळी येऊन चहा, कपडे, घरी फोन, आणि मग फाईल, फाईलचं पुढे प्रश्न ८ मध्ये सांगितलंय. अभ्यास असा जो म्हणतात तो रात्री नऊनंतर होतो, होत असेल तर.

इंजिनिअरिंगला किंवा साध्या बीएससीला गेलेले तुमचे मित्र कॉलेज बुडवून सेमिस्टरच्या आधी महिनाभर रट्टा मारून पास होतील, ते बघून वाईट वाटेल. इथे ते चालत नाही कारण हा कोर्स आधी हजेरीचा आहे, हुशारी नंतर. ९० टक्के मार्कांची पोरगी पहिल्या चार महिन्यांत रडकुंडीला येते आणि ५५ टक्क्यांची आरामात निघते असं बघितलंय, फरक एवढाच की दुसरीला सकाळी उठून उभं राहायची सवय होती.

रविवार मात्र मिळतो. तो अभ्यासाला ठेवू नका, झोपा.

६. वॉर्डात कधी पाठवतात? पहिल्या दिवशी काय करायला लावतात?

आधी काही आठवडे स्किल लॅब, म्हणजे पुतळ्यावर सराव. मग पहिल्याच सेमिस्टरला जनरल वॉर्ड. पहिल्या दिवशी कोणी काही अवघड देत नाही, बेड करायला लावतात, टीपीआर घ्यायला लावतात, म्हणजे ताप, नाडी, श्वास. श्वास मोजताना पेशंटला सांगायचं नाही, सांगितलं की तो वेगळाच श्वास घ्यायला लागतो. नाडी मोजून झाली की मनगट तसंच धरून ठेवा आणि छातीकडे बघून पूर्ण मिनिट मोजा. मोठ्या माणसाची नाडी ६० ते १००, श्वास १२ ते २०. आकडा न मोजता शेजारच्या बेडवरून उतरवायचा मोह होईल, सगळ्यांना होतो, आणि वॉर्डातल्या सिस्टरना ते लगेच कळतं कारण सगळ्या बेडवर नाडी ८० नसते.

बेडपॅन द्यायचा, अंग पुसायचं, केस विंचरायचे, हे "मावशींचं काम" नाही. वॉर्डात मावशी आणि मामा असतात, त्यांची मदत होते, पण पडून असलेल्या माणसाचं अंग पुसताना पाठीला कुठे लाल झालंय, बेडसोर सुरू होतोय का, हे बघायचं काम नर्सचंच आहे. हे कमीपणाचं वाटत असेल तर अजून वेळ गेलेली नाही, दुसरं क्षेत्र बघा, खरंच सांगते.

७. मला रक्त बघून चक्कर येते, मी नर्स होऊ शकत नाही ना?

होऊ शकता. पहिल्या ड्रेसिंगला किंवा ऑपरेशन थिएटरमध्ये उभं राहून भोवळ येणारे बरेच असतात, मुलं मुली दोन्ही. उपाशीपोटी जाऊ नका, पाणी पिऊन जा, गुडघे ताठ ठेवून उभे राहू नका. डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली, कानात आवाज यायला लागला की लाजायचं नाही, मागे सरकून सरळ जमिनीवर बसायचं. ट्रेवर पडलात तर जास्त गोंधळ. बहुतेकांचं काही आठवड्यांत जातं. वास मात्र जास्त दिवस त्रास देतात, त्याची सवय सावकाश होते.

८. फाईल फाईल म्हणतात ती काय भानगड आहे?

आता मुद्द्यावर आलात. प्रोसिजर बुक, लॉग बुक, ड्रग बुक, केअर प्लॅन, केस स्टडी, केस प्रेझेंटेशन, हेल्थ टॉक, प्रत्येक पोस्टिंगचं वेगळं, आणि बहुतेक कॉलेजांत हाताने लिहायचं, आकृत्या काढून, तारखेसकट, सही घेऊन. केअर प्लॅन म्हणजे एक पेशंट घ्यायचा, त्याची माहिती, तपासण्या, औषधं, मग त्याच्या अडचणी क्रमाने लावायच्या आणि प्रत्येक अडचणीला आपण काय केलं, त्याने काय फरक पडला हे मांडायचं. नीट केलं तर नर्सिंग म्हणजे काय ते यातच कळतं. सिनियरची फाईल उतरवून काढली तर नुसता हात दुखतो, आणि व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरच्या परीक्षकांनी "या पेशंटला हे औषध का होतं" एवढंच विचारलं की संपलं.

दोन गोष्टी सांगते. सही त्याच दिवशी घ्या, पोस्टिंग संपल्यावर त्या मॅडम किंवा इन्चार्ज सिस्टर सापडत नाहीत, सुट्टीवर जातात, बदली होते, आणि तुम्ही सेमिस्टरच्या शेवटी चाळीस सह्यांसाठी हॉस्पिटलभर फिरता. दुसरं, ड्रग बुकमध्ये औषध वॉर्डात दिसलं त्याच रात्री लिहा, दिवसाला दोन, यादी करून एकदम शंभर लिहायला बसू नका. पेशंटचं नाव, फोटो, रिपोर्ट कुठल्याही ग्रुपवर टाकायचा नाही, ते फाईलपुरतंच, आणि फाईलमध्येही नाव पूर्ण लिहायचं का ते मॅडमना विचारा.

९. इंजेक्शन कधी द्यायला मिळतं? आणि गणित असतं का, माझं गणित कच्चं आहे.

आधी पुतळ्यावर, मग मॅडम किंवा सिस्टर शेजारी उभ्या असताना, एकटं कधीच नाही. पहिल्या वर्षात एकट्याने दे असं कोणी म्हणालं, वॉर्ड कितीही भरलेला असो, तर नाही म्हणा आणि मॅडमना बोलवा.

गणित असतं पण सातवीचं. उदाहरणार्थ, ५०० एमएल सलाईन ४ तासांत द्यायचंय, साध्या सेटला १ एमएलचे २० थेंब धरतात, तर ५०० गुणिले २० भागिले २४० मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण ४२ थेंब. मायक्रो सेटला १ एमएलचे ६० थेंब, म्हणून तिथे तासाला जेवढे एमएल तेवढेच मिनिटाला थेंब, गणितच नाही. मिलिग्रॅम मायक्रोग्रॅममध्ये हजारचा फरक असतो, तिथे घाई नको. कॅल्क्युलेटर वापरला तरी उत्तर आधी मनात अंदाजे काढा, दशांश चुकला तर मशीन सांगणार नाही.

१०. हजेरी किती लागते? थोडी कमी असली तर चालतं ना?

परीक्षेला बसायला थिअरीत ८० टक्के, प्रॅक्टिकलला ८० टक्के. आणि डिग्री मिळायच्या आधी प्रॅक्टिकल १०० टक्के पूर्ण. हे दुसरं वाक्य पोरं वाचतच नाहीत. म्हणजे वॉर्डातला बुडालेला तास माफ होत नाही, तो कधीतरी भरून द्यावाच लागतो, सुट्टीत, मित्र घरी गेलेले असताना, एकट्याने.

थिअरीचा हिशोब करून बघा. ॲनाटॉमी ६० तासांची, म्हणजे आठवड्याला साधारण ३ तास. ८० टक्के म्हणजे ४८ तास लागतात, हातात सुटायला १२ तास, म्हणजे चार आठवडे. ऐकायला भरपूर वाटतं पण गणपतीला दोन दिवस आधी जायचं, दिवाळीला दोन दिवस उशिरा यायचं, चुलतभावाचं लग्न, एकदा व्हायरल ताप, असं करत करत ते कधी संपतात कळत नाही आणि मग खरंच आजारी पडलात तर काही उरलेलं नसतं. स्वतःच्या वहीत विषयवार हजेरी मांडत जा, ऑफिसच्या भरवशावर राहू नका.

११. नापास झालो तर वर्ष जातं का?

लगेच नाही. पुढच्या सेमिस्टरला बसून शिकता येतं आणि राहिलेला विषय परत देता येतो. पण गेट आहेत: पाचव्या सेमिस्टरची परीक्षा द्यायच्या आधी मागचं सगळं निघालेलं पाहिजे, सातव्याच्या आधी परत तसंच आणि शेवटच्या परीक्षेच्या आधी परत. म्हणून पहिल्या सेमिस्टरची ॲनाटॉमी दोन वर्षं ओढत नेऊ नका, चौथ्या सेमिस्टरला फार्माकोलॉजी, पॅथॉलॉजीच्या जोडीला ती परत वाचायला जिवावर येतं. सगळा कोर्स जास्तीत जास्त आठ वर्षांत पूर्ण व्हायला हवा.

१२. नर्सिंग करता करता नीट रिपीट किंवा एमपीएससीची तयारी होईल? पार्ट टाइम जॉब?

नीटचं स्पष्ट सांगते, होत नाही. वरचा प्रश्न ५ वाचून तुम्हीच सांगा कधी करणार. एमबीबीएस हवंच असेल तर एक वर्ष नीट घ्या आणि सरळ तेच करा, इथली सीट अडवून दोन्हीकडे अर्धं अर्धं करण्यात दोन्ही जातात. जॉबचं म्हणाल तर हॉस्टेलमधून परवानगी मिळणं कठीण, आणि छोट्या हॉस्पिटलात रात्री "सिस्टर" म्हणून उभं करणारे असतात, त्यांच्याकडे तर अजिबात जाऊ नका, तुमची नोंदणी झालेली नसते, काही चुकलं तर अडकणार तुम्ही. शनिवारी रविवारी शेजारच्या पोरांची ट्यूशन वगैरे जमत असेल तर जमवा.

१३. वॉर्डातल्या सिस्टर, मॅडम खूप ओरडतात म्हणे?

ओरडतात. एका सिस्टरच्या अंगावर पूर्ण वॉर्ड, त्यात दहा नवीन पोरं वाटेत उभी, आणि तुम्ही निर्जंतुक ट्रेला हात लावला तर आवाज चढणारच. हात धुतले नाहीत, औषध न बघता उचललं, पेशंटला पडदा ओढला नाही, यावरून बोलणी बसली तर ऐकून घ्या, ती तुमच्या भल्याची नसली तरी पेशंटच्या भल्याची असतात.

पण जातीवरून, दिसण्यावरून, घरच्या परिस्थितीवरून कोणी बोललं, किंवा सिनियरनी रात्री रूममध्ये उभं केलं, स्वतःच्या फाईली लिहायला लावल्या, तर ते ओरडणं नाही, ते रॅगिंग आहे. महाराष्ट्रात १९९९ पासून त्याला कायदा आहे, राष्ट्रीय हेल्पलाईन १८००-१८०-५५२२, नाव न सांगताही तक्रार होते. नर्सिंगमध्ये सिनियरला मान द्यायच्या नावाखाली बरंच काही खपवलं जातं. "आम्ही पण सहन केलंय" हे मला तरी कधी पटलेलं नाही.

१४. सुई टोचली तर? एचआयव्ही होतो का?

टोचली म्हणजे झालाच असं नाही, पण लगेच हालचाल करायची असते. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा, पिळू नका, तोंडात घालू नका, स्पिरिट ओतू नका. इन्चार्जना त्याच मिनिटाला सांगा. एचआयव्हीवर प्रतिबंधक गोळ्या असतात, शक्यतो दोन तासांच्या आत सुरू करायच्या आणि ७२ तासांनंतर उपयोग नाही, म्हणून "मॅडम ओरडतील" म्हणून रात्रभर गप्प बसणं हा यातला सगळ्यात मोठा धोका आहे. हिपॅटायटिस बीच्या लसीचे तीन डोस, शून्य, एक आणि सहा महिन्यांनी, वॉर्डला जायच्या आधीच सुरू करा. आणि वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचं नाही, ती थेट पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या डब्यात.

१५. मी मुलगा आहे, चालतं का? लेबर रूमला पाठवतात का?

चालतं, आणि दरवर्षी मुलं वाढतायत. काही कॉलेजं फक्त मुलींची आहेत, फॉर्म भरताना बघून घ्या, दिल्लीच्या एम्सचं बीएससी ऑनर्स फक्त मुलींनाच आहे. मिडवाइफरी अभ्यासक्रमातच आहे त्यामुळे ती तुम्हालाही करावी लागते, बाईची परवानगी विचारून आणि सोबत बाई स्टाफ ठेवून. पेशंट तुम्हाला डॉक्टर म्हणतील किंवा मामा म्हणतील, दोन्ही वेळी शांतपणे "मी नर्सिंगचा विद्यार्थी" म्हणायचं. नोकरीचं आधीच माहीत असू द्या: एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीत ८० टक्के जागा बायकांना आणि २० टक्के पुरुषांना असतात, तिथली स्पर्धा मुलांना जास्त कठीण जाते. आयसीयू, डायलिसिस, ट्रॉमा, मानसोपचार इथे मुलांना मागणी असते.

१६. फीमध्ये सवलत मिळते का? आणि काय काय विकत घ्यायचं?

८ जुलै २०२४ च्या जीआरनुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीतल्या, घरचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक कोर्सला शिक्षण शुल्क नि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, पण प्रवेश कॅप राऊंडमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून, झालेला हवा, मॅनेजमेंट कोट्याला नाही. एससी, एसटीच्या योजना वेगळ्या. फॉर्म महाडीबीटीवर आणि दरवर्षी परत भरायचा असतो, दुसऱ्या वर्षी विसरणारे खूप. उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमीलेअर, जातपडताळणी आत्ताच करून ठेवा, तहसीलला सर्व्हर डाऊन असतो ते तुम्हाला माहीतच आहे. हॉस्टेल, मेस, युनिफॉर्म याचा खर्च या माफीत येत नाही.

खरेदीचं: युनिफॉर्म कॉलेज सांगेल तिथूनच. सेकंद काटा असलेलं घड्याळ, कात्री, टॉर्च, चार रंगी पेन, छोटी खिशातली डायरी. स्टेथोस्कोप साधा घ्या, हरवतात. पैसे बुटांवर घाला, चांगले जाड सोलचे, दिवसभर उभं राहायचंय. पुस्तकं सगळी विकत घेऊ नका, लायब्ररी आणि सिनियर.

१७. आपण सांभाळलेला पेशंट गेला तर?

हे विचारणारे कमी आणि रात्री मेसेज करणारे जास्त. होणार आहे, कदाचित पहिल्याच वर्षी. नातेवाईकांना सांगायचं काम डॉक्टरांचं, तुमचं नाही. तुम्हाला सिस्टरबरोबर शेवटची तयारी करावी लागू शकते, नळ्या काढणं, डोळे मिटणं, अंग पुसणं, ओळखपट्टी बांधणं, पडदा ओढून आणि शांतपणे, तो माणूस अजून ऐकतोय असं समजून. रडू आलं तर सिस्टरना सांगून पाच मिनिटं बाहेर जा, कोणी काही म्हणत नाही, जुन्या सिस्टरही रडतात. मग परत या कारण शेजारच्या बेडला दोनचं औषध असतं. तेच तेच आठवून झोप लागत नसेल आणि ते दिवसेंदिवस चालू असेल तर क्लास टीचरशी बोला, किंवा टेली मानस, १४४१६, मराठीतही बोलतात.

१८. नाईट ड्यूटी आणि इंटर्नशिप कधीपासून?

पहिल्या वर्षाला बहुतेक ठिकाणी नाईट नसते, पुढे येते. आठवं सेमिस्टर पूर्ण इंटर्नशिप, २२ आठवडे, आठवड्याला ४८ तास, स्टाफसारखीच पाळीप्रमाणे ड्यूटी: मोठ्यांच्या वॉर्डांना सहा आठवडे, आणि कम्युनिटी (म्हणजे गाव-वस्तीतलं काम), लहान मुलं, मानसोपचार, मिडवाइफरी यांना प्रत्येकी चार. मागचे विषय राहिले असतील तर काय होतं ते प्रश्न ११ मध्ये आहे.

१९. मध्येच मोठं आजारपण आलं, किंवा लग्न, बाळंतपण, तर?

कोर्स मोडत नाही, लांबतो. डेंग्यू, टायफॉईड असं दोन तीन आठवड्यांचं असेल तर ८० टक्क्यांत बसू शकतं (हिशोब प्रश्न १० मध्ये), वॉर्डाचे तास नंतर भरायचे. त्याहून मोठं असेल तर परीक्षा पुढच्या वेळी जाते आणि पुढच्या बॅचबरोबर बसावं लागतं. पहिल्याच दिवसापासून लेखी कळवा, डॉक्टरांचे कागद जोडा, अर्जाची पोच घ्या. तोंडी "मॅडमना सांगितलं होतं" याला नंतर काही किंमत राहत नाही, कारण मॅडम बदलतात. लग्नासाठी घरचे पहिल्या दुसऱ्या वर्षाला घाई करत असतील तर त्यांना हे पान वाचायला द्या, विशेषतः १०० टक्क्यांचा भाग.

२०. एक एजंट म्हणतोय हजेरी लागत नाही, फक्त परीक्षेला या, डिग्री मिळेल. घेऊ का?

नको. अजिबात नको. "नॉन अटेंडिंग" असं त्याला म्हणतात आणि बहुतेक वेळा दुसऱ्या राज्यातल्या कॉलेजचं नाव सांगतात. नर्सिंगमध्ये न जाता शिकायची सोयच नाही, वरती जे तास लिहिलेत ते खरंच उभं राहून भरायचे असतात. असा कागद घेऊन कौन्सिलच्या नोंदणीला गेलात की तिथे चौकशी अडते, आणि नाही अडली तर अजून वाईट, कारण मग कोणाच्या तरी आईला तुम्ही सलाईन लावणार. पैसे भरायच्या आधी कॉलेज विद्यापीठाच्या आणि नर्सिंग कौन्सिलच्या यादीत आहे का ते वेबसाईटवर स्वतः बघा, शिवाय त्यांचं हॉस्पिटल कुठलं, खाटा भरलेल्या असतात का, हे एक दिवस जाऊन डोळ्यांनी बघून या. रिकाम्या वॉर्डाचं कॉलेज मान्यता असूनही काही शिकवू शकत नाही.

२१. माझं एएनएम (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ) झालंय, बीएससीला एखादं वर्ष सूट मिळते का?

नाही, पहिल्यापासूनच करावं लागतं, आणि बारावी सायन्सची अट तशीच राहते. सायन्स नसेल तर एएनएमवरून जीएनएम, मग पोस्ट बेसिक, असा रस्ता आहे, लांबचा पण चालू. उपकेंद्रावर काम केलेलं असेल तर कम्युनिटीच्या पोस्टिंगला तुम्ही बाकीच्या बॅचच्या फार पुढे असाल, ॲनाटॉमीला मात्र सगळ्यांच्या बरोबरच.